तांब्याचं पाणी

कोलंबोहून पेट्या रात्री दीडला उतरतात.
थर्माकोलवर लाल शाईत लिहिलेलं, जिवंत.
आत फुगलेल्या पिशव्या, आणि तळाशी
स्वतःच्याच घाणीत आडवा झालेला एकेक मासा
एका डोळ्यानं माझ्याकडे बघतो.

मी दिवा लावत नाही.
अंधारातून आलेल्याला एकदम उजेड दाखवू नये,
हे उस्मानकोयानं पहिल्याच आठवड्यात शिकवलं.
बाकीचं मी मेलेल्या माशांकडून शिकलो.

दुकानामागची खोली. शारजा, औद्योगिक वसाहत.
बाहेर ऑगस्ट, रात्रीसुद्धा पत्रा तापलेला.
आत अकरा टाक्या, उघड्याबोडक्या.
वाळू नाही, प्रवाळ नाही, दगड तर नाहीच,
दगड औषध पिऊन टाकतो.
नुसते पांढऱ्या पाइपचे तुकडे, लपायला.
पाच किलोमीटरवर अख्खं आखात पडलंय
आणि मी गोणीतलं मीठ बादलीत ढवळतोय.
आखाताचं पाणी फार खारट, फार गरम,
शिवाय त्यात काय काय पोहतं, कोण जाणे.

आधी पाच मिनिटं गोड्या पाण्यात बुडी.
मासा कलतो, मेल्याचं सोंग घेतो,
मी घड्याळावरून नजर काढत नाही.
अंगावरचे कृमी कण्यांसारखे पांढरे होऊन
तळाशी झडतात.
मग तांबं. थेंबाथेंबानं, चार दिवसांत चढवत,
लिटरला दोन मिलिग्रॅम, फार तर सव्वादोन.
त्याखाली रोग जगतो, फार वर गेलं तर मासा मरतो.
मधल्या बोटभर जागेत
तीस दिवस काढायचे.

आई रात्री तांब्याच्या कळशीत पाणी भरून ठेवायची,
सकाळी उपाशीपोटी एक फुलपात्र, सगळ्यांना.
त्यात किती मिलिग्रॅम उतरत असेल
हे विचारायचं राहून गेलं.

बाबांना फोनवर सांगितलं तर ते हसतच सुटले.
हर्णैच्या बंदरात चाळीस वर्षं लिलाव पुकारलेला माणूस.
“माशाला औषध? मग खायचा कसा?”
“खायचा नाही. बघायचा.”
“कितीला?”
मी निळ्या टँगची किंमत रुपयांत करून सांगितली.
बराच वेळ नुसता तिकडचा वारा ऐकू आला.
मग म्हणाले, “वजन किती भरतं?”

हरेश्वर चोगले माझ्याबरोबरच उतरला होता,
एकाच विमानातून, एकाच कंत्राटावर.
तिसऱ्या दिवशी रक्त, मग छातीचा फोटो,
श्वास घ्या, रोखून धरा, सोडा.
त्याच्या उजव्या फुप्फुसावर
लहानपणच्या दुखण्याचा व्रण निघाला, वाटाण्याएवढा.
बरा झालेला. बरा झालेलाही चालत नाही म्हणाले.
आठ दिवस तो बॅग न उघडता खाटेवर बसून होता,
आम्ही त्याच्यासमोर जेवताना आवाज कमी करायचो.
जाताना कोरा टॉवेल मला देऊन गेला.
तो मी दुकानात आणत नाही.

टँगच्या कल्ल्यापाशी तिसऱ्या दिवशी
मीठ सांडावं तसे ठिपके दिसले. सहाव्या दिवशी गेले.
लगेच मालकाचा फोन :
व्हिलावाल्याच्या मुलीचा गुरुवारी वाढदिवस आहे,
ठिपके गेले ना? मग पॅक कर.
मी म्हणालो, ठिपके गेले म्हणजे रोग गेला नाही.
तो तळाशी पडलाय, कवच मिटून. वाट बघतोय.
अजून चोवीस दिवस.
मालकानं जी शिवी दिली ती मला समजली नाही,
उस्मानकोयाला समजली, तो पाइप धूत राहिला.

टाकीवर चिकटपट्टी लावून तारीख लिहिली.
काचनळीतला निळा रंग कागदाशी धरून पाहिला : बरोबर.
शेवाळाचा तुकडा चिमट्यानं पुढे केला,
आज पहिल्यांदा त्यानं तो ओढला,
थुंकला, पुन्हा ओढला.

आता दिवा घालवून मी त्याचे कल्ले मोजतोय.
श्वास घे. सोड.
इथं कुणी रोखून धर म्हणत नाही.
काल मिनिटाला एकशेवीस होते,
आज नव्वद.